कोरिओलेनस आणि एक विसरलेलं नाव



लेख मागताना संपादक मंडळानं 'तुझ्या क्षेत्राविषयी लिही' असं सुचवलं होतं. पण सॉफ्टवेअरविषयी लिहिलेलं तुम्ही कोणी वाचणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून इतिहासाविषयी लिहिते. आपल्या इतिहासाच्या बाई हे वाचून नक्की हसतील. दहावीला त्या विषयात मी जेमतेम तरले होते आणि अकरावी सायन्सला गेल्यावर सनावळ्यांतून सुटले म्हणून घरी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

बाईंचा एक प्रश्न तुम्हाला आठवत असेल. कुठलाही प्रसंग शिकवून झाला की त्या विचारायच्या, "हे सांगतंय कोण? कधी सांगतंय? आणि कुणाला सांगतंय?" परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही, त्यामुळे आपण तो मनावर घेतला नाही. मला तो पंचवीस वर्षांनी कामाला आला, तोही एका रोमन सेनापतीपाशी.

२०२१ मध्ये, घरातूनच ऑफिस चालू असताना, मी एका ऑनलाइन अभ्यासवर्गात नाव घातलं. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, दहा आठवडे, आणि एकच नाटक: शेक्सपिअरचं 'कोरिओलेनस'. हॅम्लेट, मॅकबेथ, ऑथेल्लो ही नावं आपल्या कानावरची. हे नाव मी ऐकलेलंच नव्हतं. लहान मुलांसाठी चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांनी शेक्सपिअरच्या गोष्टी लिहिल्या, त्यातही हे नाटक नाही. नाव वाचून मला आठवलं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं 'कोरिऑलिस बल'. पहिल्याच तासाला मी तसं विचारलं आणि सगळे हसले. ते बल एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाचं. या सेनापतीशी त्याचा काही संबंध नाही.

आधी कथा सांगते. परंपरेनुसार रोमनं आपला शेवटचा राजा टार्क्विन याला इ. स. पूर्व ५०९ मध्ये हाकलून दिलं. राजा गेला, पण सत्ता मोजक्या उमराव घराण्यांकडे आली. हे पॅट्रिशियन. बाकीची सामान्य जनता म्हणजे प्लेबियन. लढायांना प्लेबियनांनी जायचं, तोवर मागं शेत पडीक राहायचं, कर्ज चढायचं, आणि ते फिटलं नाही तर सावकार कर्जदारालाच धरून नेऊन राबवायचा. इ. स. पूर्व ४९४ मध्ये हे लोक शहर सोडून ॲनिओ नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसले. एक प्रकारचा संपच तो. आणि संपावर गेलेले हेच लोक रोमचं सैन्य होते, म्हणून उमरावांची गाळण उडाली.

समजूत घालायला मेनेनियस अग्रिपा नावाचा वयस्कर सरदार गेला. त्यानं त्यांना पोटाची गोष्ट सांगितली. हात, तोंड, दात सगळे पोटावर रुसतात: आम्ही राबायचं आणि यानं बसून खायचं. ते काम थांबवतात आणि शेवटी सगळं शरीरच खंगतं. इसापाच्या गोष्टींतही आपण ही ऐकलेली आहे. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात अशाच भांडणाची कथा आहे, पण तिची चाल वेगळी. तिथं वाणी, डोळे, कान, मन असे एकेक जण वर्षभर शरीर सोडून जाऊन पाहतात, आणि प्राण निघू लागतो तेव्हा सगळ्यांना आपापली जागा कळते. म्हणजे तिथं प्रयोग करून निर्णय होतो. मेनेनियसच्या गोष्टीत पोटाची परीक्षा कोणी घेत नाही; पोटाच्या बाजूचा माणूसच ती गोष्ट उपाशी लोकांना सांगत असतो. बाईंचा प्रश्न इथं मला पहिल्यांदा आठवला.

तडजोड झाली. प्लेबियनांना आपले प्रतिनिधी मिळाले. त्यांना ट्रिब्यून म्हणत आणि त्यांच्या अंगाला हात लावणं हा गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी व्होल्सी लोकांशी लढाई झाली. त्यांचं कोरिओली हे गाव घेताना गायस मार्सियस नावाच्या तरुण उमरावानं असा पराक्रम केला, की लोक त्याला कोरिओलेनस म्हणू लागले. मग दुष्काळ पडला. सिसिलीहून धान्य आलं तेव्हा हा सिनेटमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, यांना धान्य हवं असेल तर आधी ट्रिब्यून रद्द करा. लोक खवळले. खटला झाला आणि तो हद्दपार झाला. तो थेट व्होल्सींकडे गेला, त्यांचं सैन्य घेऊन परतला आणि रोमपासून पाच मैलांवर तळ ठोकून बसला. सिनेटचे दूत आले, पुरोहित आले. तो ढळला नाही. शेवटी आई, बायको आणि मुलं आली. आईच्या बोलण्यापुढे तो नमला आणि सैन्य घेऊन मागं फिरला.

आता हे सांगतंय कोण? मुख्य साधनं दोन. एक रोमन इतिहासकार लिव्ही, घटनेनंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहिणारा. दुसरा ग्रीक चरित्रकार प्लूटार्क, आणखी शंभरेक वर्षांनंतरचा. मधल्या काळात गॉल टोळ्यांनी रोम जाळलं आणि जुन्या नोंदी बहुतेक नष्ट झाल्या, हे लिव्ही स्वतःच लिहितो. माझ्या भाषेत सांगायचं तर मूळ फाइल गेलेली आहे आणि आपल्या हातात आहेत त्या प्रतींच्या प्रती. त्यांत फरकही आहेत. लिव्हीकडे आईचं नाव व्हेटुरिया आणि बायकोचं व्होलुम्निया. प्लूटार्ककडे व्होलुम्निया ही आई आणि बायको व्हर्जिलिया. प्लूटार्ककडे व्होल्सी लोक त्याला ठार मारतात. लिव्ही मात्र फेबियस या आपल्या माहितीतल्या सर्वांत जुन्या लेखकाचा हवाला देतो, की तो म्हातारा होईपर्यंत जगला आणि म्हातारपणी परक्या मुलखात राहणं फार जड जातं असं म्हणायचा. मला मरणापेक्षा हा शेवट जास्त खरा वाटला. कोरिओलेनस खरोखर होऊन गेला का, याविषयी आजचे बरेच इतिहासकार साशंक आहेत. दुष्काळ, कर्ज, शेजारच्या टोळ्यांशी झगडा हे सगळं त्या काळाला धरून आहे. माणसाविषयी खात्री देता येत नाही.

प्लूटार्कचं ग्रीक चरित्र झाक आम्यो यानं १५५९ मध्ये फ्रेंचमध्ये आणलं. त्या फ्रेंचवरून टॉमस नॉर्थ यानं १५७९ मध्ये इंग्रजी केलं. शेक्सपिअरनं वापरलं ते हे नॉर्थचं पुस्तक. काही ठिकाणी, विशेषतः आईच्या शेवटच्या भाषणात, तो नॉर्थचं गद्य उचलून थोड्या फेरफारानं पद्यात बसवतो.

आमच्या वर्गाचा खरा अभ्यास इथून सुरू झाला. शिकवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांनी डावीकडे नॉर्थ आणि उजवीकडे शेक्सपिअर असे कागद तयार करून पाठवले आणि विचारलं, "काय बदललं?" दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कुठली ओळ कोणी का बदलली हे शोधणं हे माझं रोजचं काम. त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत बसले. तीन बदल सांगते.

पहिला बदल भुकेचा. प्लूटार्ककडे लोक टेकडीवर जातात ते कर्ज आणि सावकारी यांपायी. धान्याचं भांडण बरंच नंतर येतं. शेक्सपिअर दोन्ही एकत्र करतो आणि भूक पुढं आणतो. पडदा उघडताच काठ्यालाठ्या घेतलेले उपाशी लोक दिसतात. धान्य उमरावांच्या कोठारांत भरलेलं आहे, ही त्यांची तक्रार. असं का? नाटक साधारण १६०८ चं मानतात. १६०७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या मध्य भागात, नॉर्थॅम्पटनशर, लेस्टरशर आणि शेक्सपिअरच्या स्वतःच्या वॉरिकशरमध्ये, शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला होता. जमीनदार गावाच्या सामाईक जमिनींना कुंपणं घालून तिथं मेंढ्या पाळत होते. माणसांच्या पोटाची जमीन मेंढ्यांकडे गेली. लोकांनी कुंपणं उखडली, चर बुजवले. ८ जून १६०७ रोजी न्यूटन गावी जमीनदारांच्या माणसांनी जमावावर हल्ला केला, त्यात चाळीस-पन्नास जण मारले गेले.

आणि शेक्सपिअर स्वतः कोणत्या बाजूचा? नाटकांवर कमावलेल्या पैशातून त्यानं गावाकडे घर आणि जमीन घेतली होती. त्याआधीच्या दुष्काळी वर्षांनंतर, फेब्रुवारी १५९८ मध्ये, सरकारी हुकुमानं स्ट्रॅटफर्डमध्ये कोणाकडे किती साठा आहे याची यादी झाली. त्या यादीत शेक्सपिअरच्या नावावर १० क्वार्टर, म्हणजे ८० बुशेल, माल्ट आहे. साठा बाळगणारा तो एकटा नव्हता, गावातले बरेच सुखवस्तू लोक त्या यादीत आहेत. पण कोठार भरलेल्या माणसानं कोठाराबाहेरच्या गर्दीला नाटकाचं पहिलं वाक्य दिलं, हे कळल्यावर तो प्रवेश मला पुन्हा वाचावा लागला.

दुसरा बदल जखमांचा. कॉन्सलपदासाठी उभं राहणाऱ्यानं साधं वस्त्र नेसून चौकात यायचं, देशासाठी अंगावर झेललेले व्रण लोकांना दाखवायचे आणि मत मागायचं, अशी रीत. प्लूटार्कचा कोरिओलेनस व्रण दाखवतो आणि लोक हेलावतात. पुढं मतदानाच्या दिवशी तो उमरावांच्या लवाजम्यासह येतो तेव्हा ते बिथरतात. शेक्सपिअरचा कोरिओलेनस व्रण दाखवतच नाही. वस्त्र नेसतो, मत मागतो, पण बोलण्यात असा तोरा की मागतोय की टोमणा मारतोय कळू नये. गंमत म्हणजे घरी त्याची आई आणि मेनेनियस या जखमांचा हिशेब मांडून बसलेले असतात: आधीच्या पंचवीस, आता सत्तावीस. हिशेब आहे, पण ज्यांच्यासाठी जखमा झाल्या म्हणायचं त्यांनाच त्या पाहू द्यायच्या नाहीत. धान्याविषयी त्याचं म्हणणंही याच हिशेबातलं. हे लोक लढाईत मागं राहिले, मग फुकट धान्य कशाला?

हे वाचताना मी थोडी अस्वस्थ झाले. टीममधल्या लोकांच्या वार्षिक मूल्यमापनाला मी बसते. कोणी किती दिलं, कोणाला किती द्यावं, हे आम्ही तक्त्यात मांडतो. कोरिओलेनसचं भाषण नीट इस्त्री करून तिथं वाचलं असतं तर कोणाला खटकलं नसतं. मलाही नाही.

तिसरा बदल सगळ्यांत छोटा. कोरिओली पडल्यावर सेनापती त्याला लुटीचा दहावा हिस्सा देऊ करतो. तो नाकारतो. प्लूटार्ककडे तो एकच मागणं मागतो: या गावात माझा एक जुना मित्र आहे, मी त्याचा पाहुणा असायचो. चांगला श्रीमंत माणूस होता, आता कैदी झालाय, त्याला विकू नका, सोडा. लोक वाहवा करतात. शेक्सपिअर या श्रीमंत यजमानाचा गरीब माणूस करतो. गरीब असून त्यानं मला घरी ठेवून घेतलं, प्रेमानं वागवलं, त्याला सोडा, असं कोरिओलेनस म्हणतो. लगेच होकार मिळतो. सहकारी विचारतो, त्याचं नाव? आणि याला नाव आठवत नाही. थकलोय म्हणतो, दारू आहे का विचारतो, आणि सगळे तंबूत जातात. त्या गरीब माणसाचा नाटकात पुन्हा उल्लेख नाही. नॉर्थच्या पुस्तकात हे विसरणं कुठंही नाही; ते शेक्सपिअरनं स्वतः घातलं.

प्लूटार्कचं निदान वेगळं आहे. तो म्हणतो, हा वडिलांवाचून वाढला, स्वभावानं मोठा होता, पण शिक्षणाचे संस्कार झाले नाहीत. माणसाला आवर शिकवणं हा विद्येचा सर्वांत मोठा लाभ, आणि तो याला मिळाला नाही. शाळेच्या स्मरणिकेत हे वाक्य शोभून दिसेल. पण मला ते पुरेसं वाटत नाही. शिकलेल्या लोकांनाही नावं आठवत नाहीत.

नाटकाचं पुढं काय झालं हे थोडक्यात. शेक्सपिअरच्या हयातीत त्याचा प्रयोग झाल्याची नोंद मिळत नाही. ते छापलं गेलं १६२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. त्यानंतर ज्याला जसं हवं तसं त्यानं ते वाचलं. १९३३-३४ च्या हिवाळ्यात पॅरिसच्या कॉमेदी-फ्रान्सेझमध्ये प्रयोग चालू असताना लोकशाहीवर चिडलेले प्रेक्षक कोरिओलेनसच्या तिरस्काराच्या वाक्यांना टाळ्यांचा कडकडाट करत. सरकारनं नाट्यगृहाच्या प्रमुखाला काढून त्या जागी चक्क एका बड्या पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्याच सुमारास, ६ फेब्रुवारी १९३४ ला, शहरात रक्तपात झाला, आणि पुढं जुन्या प्रमुखांना परत घ्यावं लागलं. उलट बर्टोल्ट ब्रेख्तनं १९५० नंतर हेच नाटक लोकांच्या बाजूनं पुन्हा रचलं. त्याच्याकडे आई मुलाला सांगते, की रोम आता तुझ्यावाचूनही लढायला उभं आहे. तुझी गरज उरलेली नाही. दोन्ही बाजूंना हे नाटक आपलं वाटलं, कारण शेक्सपिअरनं लोकांनाही धुतल्या तांदळासारखं दाखवलेलं नाही. ते चटकन भडकतात, ट्रिब्यून त्यांना खेळवतात. तरी भूक खरी असते.

शेवटच्या भेटीत आई त्याच्यापुढे गुडघे टेकते. इथं त्यानं आईचा हात धरून काही न बोलता उभं राहावं, अशी रंगसूचना छापील प्रतीत आहे. मी माझा मीच, मला कोणी घडवलं नाही, अशा थाटात आलेला माणूस आईचा हात हातात घेतो आणि त्याचा हिशेब तिथं संपतो. रोम वाचतं. व्होल्सी त्याला जिवंत सोडणार नाहीत हे त्याला कळलेलं असतं.

आता मी तुम्हाला हे सगळं का सांगते आहे ते लिहिते.

आठवतं का, आठवी-नववीत आपल्या शाळेत दोन कॉम्प्युटर होते? जिन्याखालच्या खोलीत, प्लास्टिकच्या झाकणाखाली, चपला बाहेर काढून आत जायचं. तासाला चौघांत एक कळफलक यायचा. मला ते पुरायचं नाही. शाळेतल्या मावशींकडे त्या खोलीची किल्ली असायची. सरांची परवानगी मी काढली होती, पण सकाळी पावणेसातला येऊन कुलूप उघडायचं काम मावशींचं. त्या माझ्यासाठी पाऊण तास आधी यायच्या. दोन वर्षं. मी आत बेसिकमध्ये पाढे छापायचे आणि त्या बाहेर स्टुलावर बसून पालेभाजी निवडायच्या. पावसाळ्यात एकदा मी भिजून आले तर त्यांनी आपला पदर पिळून माझं डोकं पुसलं होतं आणि डब्यातली अर्धी भाकरी दिली होती. "मशीनला पाणी लागू देऊ नको गं," एवढंच म्हणाल्या होत्या. पुढचं इंजिनिअरिंग, नोकरी, परदेशवाऱ्या, सगळ्याची सुरुवात त्या पाऊण तासात आहे.

२०१६ मध्ये शाळेनं माजी विद्यार्थ्यांचा सत्कार केला तेव्हा मलाही बोलावलं होतं. भाषणात मी मुख्याध्यापकांचे, सरांचे, बाईंचे, आईबाबांचे आभार मानले. मग मावशींचं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि नाव आठवेना. क्षणभर थांबले. नंतर कोणाला तरी विचारू असं मनाशी म्हणून पुढच्या मुद्द्यावर गेले. मुलांना सांगितलं की मी एकटीनं, कोणताही क्लास न लावता, प्रोग्रॅमिंग शिकले. टाळ्या पडल्या. मग चहा, फोटो, गाडीची घाई. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

पाच वर्षांनी, शनिवारच्या त्या वर्गात, लढाईनंतरचा तो प्रवेश वाचायची पाळी माझ्यावर आली. त्या गरीब यजमानाच्या नावापाशी मी अडकले. प्राध्यापकांना वाटलं माझं नेट गेलं.

त्यानंतर मी शोध घेतला. आपल्या ग्रुपवर काही जणींना विचारलं. सगळ्यांना मावशी आठवतात, त्यांची हिरवी छत्री आठवते, नाव कोणाला येत नाही. आपण त्यांना कधी नावानं हाक मारलीच नाही. कार्यालयात चौकशी केली; त्या वर्षांची हजेरी-पुस्तकं जुन्या इमारतीबरोबर गेली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात शिक्षकांची यादी वर्षांसकट आहे. शिपाई आणि मावशींची यादी नाही.

म्हणून ही विनंती. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या गल्लीत राहत असाल, कोणाच्या आईची त्यांच्याशी ओळख असेल, तर विचारा. त्या असतील तर मला भेटायला जायचं आहे. नसतील तर त्यांच्या घरच्यांना. आणि नुसत्या माझ्या मावशींचं नको; घंटा देणारे काका, पाण्याच्या टाकीपाशी बसणाऱ्या आजी, ज्यांची नावं कोणाला माहीत आहेत ती सगळी कळवा. या स्मरणिकेत शिक्षकांच्या यादीखाली अर्धं पान कोरं सोडायला मी संपादकांना सांगितलं आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी दाराशी टेबलावर पेन ठेवलेलं असेल.